सुमन आणि मन

मुंबईच्या उत्तर उपनगरांत कांदिवली वसलेली आहे. तिच्या पश्चिमेस चारकोपच्या पलीकडे खाडी व तिवरांची राने आहेत. पूर्वेस महामार्ग ओलांडला, की आकुर्ली, ठाकूर व्हिलेज, दामू नगर अशा दाट वस्त्या लागतात. आणि या वस्त्या जेथे संपतात, तेथे एकाएकी डोंगर सुरू होतो. ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड होय. सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे हे वन एवढ्या मोठ्या नगराच्या कुशीत आजही टिकून आहे. पोईसर नदी याच वनात उगम पावते आणि कांदिवलीतून वाहत जाऊन खाडीस मिळते.

उन्हाळ्यात हा डोंगर करडा व रखरखीत दिसतो. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या, की जमिनीखाली निजलेले कंद जागे होतात. प्रथम वर येते ती रानहळद. तिच्या गुलाबी टोकांच्या कणसांतून पिवळी फुले डोकावतात. आषाढ-श्रावणात पायवाटेच्या कडेला केना फुलतो. त्याचे इवलेसे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपार होण्यापूर्वीच मिटून जाते. ओलसर सावलीत पेवाची पांढरीशुभ्र फुले दिसू लागतात. कुंपणांवर कळलावी चढते. पानांच्या टोकांनी आधार पकडून ती वर जाते, आणि तिच्या पाकळ्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारख्या मागे वळतात. मोकळ्या माळावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे वाऱ्यावर डुलतात. आणि या सर्वांहून अधिक दिसतो तो तेरडा. दगडांच्या फटींत, ओहोळांच्या काठी, उतारांवर तो एवढा फुलतो, की दुरून पाहणाऱ्यास डोंगरावर गुलाबी शाल पांघरल्याचा भास व्हावा.

ही फुले कोणी लावलेली नसतात. त्यांना कोणी पाणी घालीत नाही की खत देत नाही. ती बाजारात विकावयास येत नाहीत. तरीही महाराष्ट्राच्या जीवनात त्यांना मानाचे स्थान आहे. भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा कोकणात अनेक घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर मांडतात. रानातून मुळासकट आणलेली ती रोपे माहेरवाशिणीप्रमाणे घरात येतात, तीन दिवस राहतात आणि निघून जातात. तेरड्याचे फूल फार काळ टिकत नाही. म्हणूनच क्षणभंगुर गोष्टीविषयी बोलताना ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणतात.

फुले पाहून मन प्रसन्न होते, हा अनुभव फार प्राचीन आहे. तो आपल्या भाषेतच साठविलेला आहे. फुलाला ‘सुमन’ हा सुंदर शब्द आहे. ‘सु’ म्हणजे चांगले आणि ‘मनस्’ म्हणजे मन. ज्या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘फूल’ असा आहे, त्याच शब्दाचा अर्थ ‘प्रसन्न मनाचा’ असाही आहे. त्यावरूनच मनाच्या प्रसन्नतेला ‘सौमनस्य’ म्हणतात, आणि मनाच्या खिन्नतेला ‘दौर्मनस्य’. ज्यांनी हे शब्द घडविले, त्यांना फूल आणि मन यांचे नाते ठाऊक होते, हे उघड आहे.

परंतु हे नाते नेमके कोणते? फूल मनाला आनंद देते, हे खरे. म्हणून फुलाचा अर्क मनाचे औषध होतो, असे म्हणता येईल काय? भीती, दुःख, मत्सर, निराशा हे विकार फुलांच्या थेंबांनी दूर होतील काय? हा प्रश्न एका इंग्रज डॉक्टरच्या मनात उभा राहिला, आणि त्याने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे त्याच्या उत्तरासाठी वेचली.

त्याचे नाव एडवर्ड बाख. त्याचा जन्म १८८६ साली बर्मिंगहॅमजवळ झाला. लंडनमध्ये तो जंतुशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला होता. रोग्याच्या शरीराकडे पाहताना त्याच्या मनाकडे दुर्लक्ष होते, याची त्याला खंत वाटे. एकच रोग झालेली दोन माणसे स्वभावाने निराळी असतात. एक घाबरट, तर दुसरा उतावळा. मग दोघांना एकच औषध का, असे तो विचारी. १९२८ मध्ये त्याने रानफुलांपासून आपले पहिले अर्क तयार केले. १९३० मध्ये लंडनमधील व्यवसाय सोडून तो खेड्यापाड्यांतून व शेताबांधांवरून फुले शोधीत हिंडू लागला. १९३५ पर्यंत त्याचे अडतीस अर्क सिद्ध झाले. १९३६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याचे अर्क जगभर पसरले. भारतातही ते मिळतात, आणि ‘पुष्पौषधी’ या नावाने अनेक जण ते घेतात.

अर्क करण्याची त्याची रीत साधी होती. झऱ्याच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या वाडग्यात फुले तरंगत ठेवावयाची आणि सुमारे तीन तास ती उन्हात राहू द्यावयाची. काही झाडांच्या डहाळ्या उन्हाऐवजी पाण्यात उकळावयाच्या. नंतर पाणी गाळून, ते टिकावे म्हणून त्यात तेवढीच ब्रँडी मिसळावयाची. या मिश्रणाचे दोनच थेंब पुन्हा बाटलीभर ब्रँडीत टाकले, की औषध तयार. त्यात फुलाचा अंश जवळजवळ उरत नाही. फुलाची शक्ती पाण्यात उतरते, अशी बाखची श्रद्धा होती.

त्याच्या पहिल्या तीन फुलांपैकी एक फूल तेरड्याचेच भावंड होते, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. हिमालयातील हा गुलाबी तेरडा १८३९ साली शोभेसाठी इंग्लंडला नेण्यात आला. तेथे तो बागेतून निसटला आणि नद्यांच्या काठी एवढा माजला, की आज तेथील लोक तो उपटून टाकण्याच्या खटपटीत असतात. तेरड्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव ‘इम्पेशन्स’ असे आहे. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधीर’. तेरड्याचे पिकलेले बोंड नुसते बोट लागताच फुटते, त्याच्या साली गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात. जणू त्याला क्षणभरही धीर धरवत नाही! म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. आणि बाखने हाच अर्क उतावळ्या व चिडखोर माणसांसाठी नेमून दिला.

कल्पना गोड आहे, यात शंका नाही. परंतु कल्पना गोड असणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे. बोंड फुटते ते फुलाच्या स्वभावामुळे नव्हे. पिकताना त्याच्या सालीत ताण साठतो, म्हणून ते फुटते. त्यावरून माणसाचा उतावळेपणा त्या फुलाने जाईल, असे सिद्ध होत नाही. ते खरे की खोटे, हे परीक्षेनेच ठरवावयास हवे.

औषधाची परीक्षा कशी घेतात, हे समजण्यासारखे आहे. सारखाच त्रास असलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरे औषध देतात. दुसऱ्या गटाला रंगाने व चवीने अगदी तसेच, परंतु औषध नसलेले द्रव्य देतात. अशा द्रव्याला ‘प्लासिबो’ म्हणतात. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यास माहीत नसते व देणाऱ्यासही माहीत नसते. ठरलेल्या काळानंतर दोन्ही गटांची तुलना करतात. औषध घेणाऱ्यांना दुसऱ्या गटाहून अधिक आराम पडला, तरच त्या औषधात गुण आहे असे मानतात.

बाखच्या अर्कांची अशी परीक्षा अनेकदा झाली आहे. जर्मनीत परीक्षेची भीती वाटणाऱ्या सुमारे साठ जणांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्क घेणाऱ्यांची भीती कमी झाली. परंतु नुसते प्लासिबो घेणाऱ्यांचीही तितकीच कमी झाली! इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाचे प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवर झालेल्या सर्व प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१० साली निष्कर्ष मांडला. प्लासिबोशी तुलना केलेल्या एकाही प्रयोगात हे अर्क त्याहून सरस ठरले नव्हते.

मग ती भीती कमी झाली तरी कशाने? काळ जातो तशी भीती ओसरते, हे एक कारण. आपल्याला औषध मिळाले आहे, आता बरे वाटेल, ही आशा हे दुसरे. आणि कोणीतरी आपली विचारपूस केली, आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, हे तिसरे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मोलाच्याही आहेत. परंतु त्या बाटलीतील फुलापासून येत नाहीत.

यावरून वनस्पतींत औषधी गुण नसतात, असे मात्र कोणी समजू नये. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले आहे. आपल्या देशाच्या अनेक वनांत सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आढळते. त्याची फुले पांढरी असून त्यांचे देठ तांबडे असतात. वेड लागलेल्या माणसास शांत करण्यासाठी वैद्य व हकीम त्याचे मूळ फार पूर्वीपासून देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीच्या गुणांविषयी लेख प्रसिद्ध केला. ती मनाची खळबळ शांत करते आणि रक्ताचा दाबही उतरविते, असे त्यांनी नोंदविले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांना ही मुळी देऊन त्यांच्या रक्तदाबाची काळजीपूर्वक नोंद ठेवली, आणि आपला निष्कर्ष १९४९ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो वाचून जगाचे लक्ष या झुडपाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्याच्या मुळातून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. पुढील काही वर्षे ते रक्तदाबावर आणि मनोविकारांवरही वापरले गेले. तथापि, काही रुग्णांना त्यामुळे उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या. अधिक चांगली औषधे निघाली, तसा त्याचा वापर कमी झाला.

सर्पगंधेची ही कथा दोन गोष्टी शिकविते. जुन्या अनुभवाला हसू नये. त्यात सत्य दडलेले असू शकते. आणि जुन्या अनुभवावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. त्याची परीक्षा घ्यावी. ज्या वनस्पतीत खरा गुण असतो, तिच्यात अपायही असू शकतो. त्याचे प्रमाण ठरवावे लागते.

रानफुलांच्या बाबतीत तर ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. कांदिवलीच्या डोंगरावरील ती सुंदर कळलावी अत्यंत विषारी आहे. तिच्या कंदात व बियांत ‘कोल्चिसीन’ नावाचे विष असते. तेच द्रव्य शुद्ध करून, तोलून-मापून सांध्यांच्या एका दुखण्यावर डॉक्टर देतात. परंतु कंदाचा तुकडा कोणी चाखला, तर प्राणावर बेतू शकते. धोतरा आणि कण्हेर हीदेखील अशीच विषारी आहेत. म्हणून कोणतेही रानफूल, पान, बी वा कंद तोंडात घालू नये, आणि त्यांचा घरगुती काढा तर कधीच करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फुलांचे थेंब मनाचे औषध नसतील, तर ‘सुमन’ हा शब्द खोटा ठरतो काय? मुळीच नाही. फूल मनाला बरे वाटावयास लावते. पण ते पोटात जाऊन नव्हे, तर डोळ्यांवाटे. अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाने एका रुग्णालयातील शेचाळीस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांवर एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झाली होती. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि वेदना शमविणारी तीव्र औषधेही त्यांना कमी लागली. हा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला. हिरवाईच्या सहवासाचा मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास तेव्हापासून पुष्कळ देशांत होत आला आहे.

याचे कारण शोधणे कठीण नाही. चिंताग्रस्त मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत राहते. गुण कमी पडले, जिवलग मैत्रीण दुरावली, घरात कोणी आजारी आहे. तोच विचार पुन्हा पुन्हा येतो. अशा वेळी एखादे फूल नीट पाहावयाचे ठरविले, तर लक्ष हळूहळू बाहेर वळते. पाकळ्या किती आहेत? मधमाशी कोणत्या बाजूने आत शिरते? कालची कळी आज उमलली काय? असे प्रश्न विचारणारे मन निदान तेवढा वेळ आपले दुःख बाजूला ठेवते. फूल पाहण्यासाठी घराबाहेर पडावे लागते, पायी चालावे लागते. सोबतीला कोणी असेल, तर चालता चालता मनातले बोलणेही होऊन जाते. बाटलीतील दोन थेंबांत हे काहीच नसते.

रानफुले आणखी एक गोष्ट शिकवितात; ती म्हणजे धीर. या डोंगरावर कारवी नावाचे झुडूप आहे. सात वर्षे त्याला नुसती पाने येतात. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ते निळ्या-जांभळ्या फुलांनी बहरून जाते, आणि मधमाश्यांची झुंबड उडते. फळे धरली, की ते झुडूप मरते. वाळलेली फळे तशीच राहतात. पुढील पावसाचे पाणी लागताच ती तडतड फुटून बी विखुरते. वनातील वारली लोक कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून त्यांवर शेणमातीचा गिलावा करतात आणि अशा भिंतींवर आपली सुप्रसिद्ध चित्रे काढतात. या वनात कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. पुढील बहर २०३२ साली अपेक्षित आहे. तेरड्याची अधीरता आणि कारवीचा धीर, दोन्ही एकाच उतारावर शेजारी नांदतात!

हे वन राष्ट्रीय उद्यान असल्याने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथील फुले तोडण्यास मनाई आहे. तोडलेले फूल घरी पोहोचेपर्यंत कोमेजते. रोपावरचे फूल मात्र उद्या येणाऱ्या दुसऱ्या कोणाला आनंद देते व बी धरते. फूल पाहावे, त्याचे नाव विचारावे, वहीत त्याचे चित्र काढावे आणि ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक दुःख फुले पाहून जाते, असे नाही. कधी कधी उदासपणा दिवसेंदिवस हटत नाही. झोप लागत नाही, भूक मरते, खेळावेसे वाटत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. अंगात ताप यावा तसाच हा मनाचा आजार असतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ताप आला तर कोणी तो लपवून ठेवीत नाही. तसेच मनाचे हे दुखणेही आई-वडिलांना, आजीला किंवा शिक्षकांना सांगावे. त्यावर उपचार करणारे डॉक्टर असतात. भारत सरकारने २०२२ साली ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मनाच्या त्रासाविषयी बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

एडवर्ड बाखचे अर्क परीक्षेत उतरले नाहीत. परंतु रोग्याच्या मनाची विचारपूस केली पाहिजे, हा त्याचा आग्रह योग्यच होता. फुलांत आनंद आहे, औषधात गुण आहे आणि आपुलकीच्या शब्दांत धीर आहे. ज्याचे काम त्याच्याकडून घ्यावे. फूल औषधाची जागा घेऊ शकत नाही, तसेच कोणतेही औषध फुलाची जागा घेऊ शकत नाही.

स्वाध्याय

१. ‘सुमन’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते? त्यांचा एकमेकांशी संबंध कसा आहे?
२. तेरड्याच्या कुळाला ‘अधीर’ या अर्थाचे नाव का मिळाले?
३. औषधाची परीक्षा घेताना दुसऱ्या गटाला औषध नसलेले द्रव्य का देतात?
४. सर्पगंधेच्या कथेवरून कोणत्या दोन गोष्टी शिकावयास मिळतात?
५. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.
६. घराजवळ किंवा शाळेच्या वाटेवर दिसणारे एक रानफूल सात दिवस पाहा आणि त्यात रोज काय बदल झाला, ते वहीत लिहा.